रस्त्यावरचा माणूस आणि मोटारीचा पडदा

अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला शिकणारा एक विद्यार्थी आपल्या प्रकल्पाची चित्रे घेऊन माझ्याकडे आला होता. विजेवर चालणाऱ्या, चालक नसलेल्या मोटारीचा इंटरफेस हा त्याचा विषय. इंटरफेस म्हणजे माणसाची आणि यंत्राची जिथे गाठ पडते ती जागा : पडदा, बटणे, दिवे, आवाज, सूचना. चित्रे नेटकी होती. मोटारीत बसलेल्याला पडद्यावर रस्ता कसा दिसावा, बॅटरी किती उरली हे कोणत्या कोपऱ्यात असावे, मोटार मध्येच थांबली तर ती का थांबली हे त्याला कोणत्या शब्दांत सांगावे, सारे त्याने विचारपूर्वक बसवले होते. चित्रे गुंडाळताना तो म्हणाला, "सर, हे निव्वळ तांत्रिक काम आहे. आपल्या विचाराचा यात काही संबंध येत नाही. म्हणून तुम्हाला दाखवावे की नाही, असे वाटत होते."

त्याचा हा संकोच मला त्या चित्रांपेक्षा महत्त्वाचा वाटतो. तंत्रज्ञानाच्या दारातून आत शिरताना आपला विचार चपलांसारखा बाहेर काढून ठेवावा, हे आमच्या मुलांना कोण शिकवते? साहित्याच्या बाबतीत आपण हे मानले नाही. प्रस्थापित कादंबरीला आपण विचारले : येथे निवेदक कोण आहे? नायक कोण आहे? गावकुसाबाहेरचा माणूस या कथेत माणूस म्हणून येतो, की नायकाच्या वाटेवरची एक वस्तू म्हणून? मोटारीचा पडदा हीदेखील एक संहिता आहे. तीही कोणीतरी रचलेली आहे, तिलाही दृष्टिकोन आहे, तिच्यातही कोणी आत आहे आणि कोणी बाहेर आहे. मग तेच प्रश्न तिला का विचारू नयेत?

या लेखात मी ते विचारणार आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे : या मोटारींच्या इंटरफेसचा सारा विचार 'वापरकर्ता' या एका शब्दाभोवती फिरतो आणि तो शब्द मोटारीच्या आत बसलेल्यालाच माणूस म्हणून मोजतो. ज्याच्या अंगावरून ती मोटार जाऊ शकते, तो या व्याख्येत बसत नाही.

१

वेमो या अमेरिकन कंपनीच्या चालकाविना टॅक्सी फीनिक्स, सॅन फ्रान्सिस्को, लॉस एंजेलिस या शहरांत धावतात. जॅग्वारच्या आय-पेस या विजेवरच्या मोटारी त्यांत मोठ्या संख्येने वापरल्या गेल्या. आत बसलेल्यासमोर पडदा असतो. मोटार सभोवतालचे जग जसे पाहते, त्याचे सोपे चित्र त्यावर उमटते. इतर वाहने, पायी चालणारे, सायकलस्वार, सारे आकृतींच्या रूपाने येतात. स्टिअरिंग आपोआप फिरताना पाहून प्रवाशाच्या मनात भीती उभी राहते. मोटारीला समोरचे सारे दिसते आहे, असा दिलासा त्याला मिळावा, हे या चित्राचे प्रयोजन.

आता ही संहिता रस्त्याच्या बाजूने वाचून पाहा. पडद्यावरचा पादचारी हा प्रवाशाच्या विश्वासाचा पुरावा आहे. तो तेथे आहे तो स्वतःसाठी नव्हे. त्याला चेहरा नाही आणि घाई नाही. तो कामावरून परततो आहे की कामावर निघाला आहे, याच्याशी पडद्याला कर्तव्य नाही. त्याने असावे आणि वाटेतून बाजूला व्हावे, एवढेच त्याचे काम. आपल्याला हा माणूस ओळखीचा आहे. मध्यमवर्गीय साहित्यात तो पहाटे दाराशी झाडू घेऊन येई आणि नायकाला सकाळ झाल्याचे कळवून निघून जाई.

ही आकृती यंत्राला ओळखता यावी म्हणून आणखी काही माणसे राबलेली असतात. रस्त्याच्या लाखो छायाचित्रांवर चौकटी काढून 'हा माणूस', 'ही सायकल', 'हा खांब' अशी नावे देण्याचे काम कोलकाता, मनिला, नैरोबी अशा ठिकाणी तुटपुंज्या मोबदल्यावर होते. म्हणजे यंत्राच्या डोळ्यामागेही मजूर आहे. पण पडद्यावर तो कोठेच नाही.

२

यंत्र माणसाला नाव कसे देते, याचा एक दाखला आता इतिहासजमा झाला आहे. १८ मार्च २०१८ रोजी रात्री दहाच्या सुमारास अ‍ॅरिझोना राज्यातील टेम्पी शहरात एक ४९ वर्षांची स्त्री सायकल हाताने ढकलीत रस्ता ओलांडत होती. उबर कंपनीची चाचणीसाठी फिरणारी स्वयंचलित व्होल्वो मोटार तिला धडकली. ती मरण पावली. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१९ च्या नोव्हेंबरात आपले निष्कर्ष मांडले. यंत्राने धडकेपूर्वी ५.६ सेकंद तिला टिपले होते. पण तिला काय म्हणावे, हे त्याला ठरवता येईना. कधी ती 'वाहन' होती, कधी 'इतर', कधी 'सायकल'. प्रत्येक वेळी नाव बदलले की तिची आधीची हालचाल बाद होई आणि ती कोठे चालली आहे याचा अंदाज पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. ठरलेल्या जागेखेरीज कोणी रस्ता ओलांडील, ही शक्यताच त्या रचनेत धरलेली नव्हती.

ही शेवटची ओळ पुन्हा वाचावी अशी आहे. डोळा आंधळा नव्हता. त्याला ती दिसत होती. त्या जागी माणूस असू शकतो, ही कल्पनाच रचनेत नव्हती. ठरवून दिलेल्या जागेबाहेर दिसलेला माणूस हा माणूस नव्हे, हा न्याय आम्हाला यंत्राने शिकवलेला नाही.

अमेरिकेत यालाही एक इतिहास आहे. अशा रीतीने रस्ता ओलांडण्याला तेथे 'जे-वॉकिंग' म्हणतात. 'जे' म्हणजे गावंढळ, शहराची रीत न कळणारा अडाणी. १९२० च्या दशकात मोटारवाल्यांच्या संघटनांनी हा शब्द गाजवला आणि त्याला कायद्याचा आधार मिळवून दिला. त्यापूर्वी रस्ता सर्वांचा होता आणि मोटार हा उपरा पाहुणा होता. पुढे पाहुणा मालक झाला आणि चालणारा गुन्हेगार ठरला. एक शिवी कायद्यात गेली आणि शंभर वर्षांनी यंत्राच्या रचनेतही पोचली. कॅलिफोर्नियाने २०२३ पासून, अपघाताचा तात्काळ धोका नसेल तर, अशा चालणाऱ्याला दंड करणे थांबवले, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट.

टेम्पीच्या अहवालातली आणखी एक बाब समीक्षकाने सोडू नये. धोका ओळखल्यानंतरही त्या यंत्राने एक सेकंद काही करायचे नाही, अशी योजना होती. खोट्या इशाऱ्यांनी मोटार उगाच गचके देऊ नये, हा हेतू. हेतू वाईट नाही. पण त्या एका सेकंदात एक सामाजिक निर्णय दडलेला आहे. गचका आतल्याला बसतो, सेकंद बाहेरच्याचा जातो.

आणि दोष कोणावर आला? चालकाच्या जागी एक निरीक्षक स्त्री बसवलेली होती. ती त्या वेळी फोनवर कार्यक्रम पाहत होती. तिची चूक होती, यात शंका नाही. पण माणसाकडून काम काढून घ्यायचे, त्याला नुसते लक्ष ठेवायला बसवायचे आणि यंत्र चुकले की क्षणात त्याने सावरावे अशी अपेक्षा ठेवायची, यातली विसंगती लिझान बेनब्रिज या संशोधिकेने १९८३ सालीच दाखवून दिली होती. सरकारी वकिलांनी २०१९ मध्ये कंपनीवर फौजदारी जबाबदारी येत नाही असे सांगितले. निरीक्षक स्त्रीने २०२३ च्या जुलैत गुन्हा कबूल केला आणि तिला तीन वर्षांची परिवीक्षा झाली. मोटारीचा पुढचा भाग धडकेचा जोर पोटात घेऊन आतल्यांना वाचवतो. तसा येथे सर्वांत खालचा नोकर व्यवस्थेवरचा दोष पोटात घेतो. मॅडलिन एलिश या अभ्यासिकेने ही उपमा वापरली आहे आणि ती अचूक आहे.

३

या विषयावरची सर्वांत गाजलेली कृती मात्र वेगळीच आहे. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनी २०१६ साली 'मॉरल मशीन' नावाचा प्रयोग मांडला. पडद्यावर दोन चित्रे. चालकाविना मोटारीचे ब्रेक निकामी झाले आहेत. डावीकडे गेली तर हे मरतील, उजवीकडे गेली तर ते. तुम्ही निवडा. चित्रांत बाळ, गरोदर स्त्री, डॉक्टर, कंपनीचा अधिकारी, बेघर माणूस, गुन्हेगार, कुत्रा, मांजर. २३३ देश व प्रदेशांतून जवळजवळ चार कोटी निवडी जमा झाल्या आणि निष्कर्ष २०१८ च्या ऑक्टोबरात 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाले.

अनेकांनी या प्रयोगाला यंत्रयुगातले नीतिशास्त्र म्हणून गौरवले. मला त्यात एक उतरंड दिसते. वाचवण्याच्या क्रमात बाळ सर्वांत वर, अधिकारी बेघराच्या वर. 'गुन्हेगार' असे लिहिलेले चित्र तर कुत्र्याच्याही खाली गेले. बाबासाहेबांनी ज्याला श्रेणीबद्ध विषमता म्हटले, तिचा तक्ता येथे जगभरच्या बोटांनी, खेळाखेळात, भरून दिला. संशोधकांनी स्वतःच नोंदवलेली एक गोष्ट फार बोलकी आहे : ज्या देशांत आर्थिक विषमता अधिक, त्या देशांतल्या लोकांनी वरच्या स्तरातल्या माणसाला वाचवण्याकडे अधिक कल दाखवला. समाज जसा, तशी त्याची निवड.

संशोधकांचा हेतू बेघरांना मारावे असा नव्हता आणि लोकमत हेच धोरण व्हावे असेही त्यांनी म्हटलेले नाही. माझा आक्षेप कृतीच्या घडणीवर आहे. येथे वाचकाला न्यायाधीशाच्या आसनावर बसवले जाते. मरणारा बोलत नाही. 'बेघर' ही चिठ्ठी हीच त्याची संपूर्ण ओळख असते. असा प्रश्न विचारणे हेच मुळात उत्तराचे अर्धे काम आहे. जर्मनीच्या नीती आयोगाने २०१७ साली हा प्रश्नच अडवला. अपघात अटळ असला तरी वय, लिंग, शारीरिक वा मानसिक स्थिती यांवरून माणसामाणसांत भेद करण्यास त्याने सक्त मनाई केली. मला हे उत्तर चार कोटी निवडींपेक्षा मोलाचे वाटते.

शिवाय हा प्रश्न काल्पनिक आहे. रस्त्यावरच्या मोटारीला कोण अधिकारी आणि कोण बेघर हे कळत नाही. तिचे खरे नीतिशास्त्र त्या एका सेकंदात आहे, 'इतर' या नावात आहे, कोणाची छायाचित्रे देऊन तिला शिकवले यात आहे. जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवले की, पादचारी ओळखणाऱ्या ज्या प्रणाली त्यांनी तपासल्या, त्या गोऱ्या माणसापेक्षा काळ्या कातडीच्या माणसाला ओळखण्यात कमी पडतात. त्या प्रणाली संशोधनातल्या होत्या, विक्रीच्या मोटारीतल्या नव्हेत, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण जगभरचे लोक बोटाने बेघर आणि अधिकारी निवडीत होते, तेव्हा खरे निर्णय असे मुकाट्याने होत होते.

४

बाहेरच्या माणसाचा विचार डिझाइनवाल्यांनी मुळीच केला नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. चालक गेला की त्याची नजरही गेली. रस्ता ओलांडणारा चालकाच्या डोळ्यांत पाहतो, हाताची खूण पाहतो आणि पाऊल टाकतो. ती खूण कोण देणार? मर्सिडीजने २०१५ च्या जानेवारीत दाखवलेली एफ ०१५ ही नमुना-मोटार पादचाऱ्यासमोर रस्त्यावर प्रकाशाचे पट्टे उमटवी. त्याच वर्षी निसानच्या नमुना-मोटारीवर 'आधी तुम्ही' अशा अर्थाची अक्षरे उमटत. सेमकॉन या स्वीडिश कंपनीने २०१६ मध्ये मोटारीच्या नाकाडावर हसू काढले.

प्रयत्न चांगला, पण भाषा तपासा. पट्ट्यांवरून चालणाऱ्याला रस्ता ओलांडण्याचा अग्रहक्क कायद्यानेच दिलेला असतो. मोटार थांबते ती कर्तव्य म्हणून. येथे तीच मोटार पट्टे काढते आणि 'जा' म्हणते. हक्काची मेहेरबानी झाली. आणि ज्याला अक्षर येत नाही, ज्याला दिसत नाही, त्याने ते हसू कसे वाचावे?

याच्या पुढचे पाऊल अधिक गंभीर आहे. बाहेरच्या माणसानेच आपली जाणीव मोटारीला करून द्यावी, असा एक विचारप्रवाह आहे. २०१८ मध्ये ट्रेक ही सायकलींची कंपनी, टोम सॉफ्टवेअर आणि फोर्ड यांनी सायकलीने मोटारीला संकेत पाठवण्याच्या योजनेवर एकत्र काम सुरू केले. सायकलस्वाराचा जीव वाचावा हाच हेतू. पण ही रीत रूढ झाली तर ज्याच्याजवळ संकेतक नाही त्याचे काय? उद्या न्यायालयात विचारले जाईल : तुम्ही आपली खूण का बाळगली नाहीत?

बाबासाहेबांनी १९३६ च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये पेशवाईतल्या रस्त्याचे वर्णन केले आहे. सवर्ण समोरून येत असेल तर सावली पडू नये म्हणून अस्पृश्याला रस्ता वर्ज्य. पुण्यात कमरेला झाडू आणि गळ्यात मडके. आपल्या अस्तित्वाची वर्दी त्याने द्यायची, आपली पावलेही त्यानेच पुसायची. मी यंत्राला पेशवा म्हणत नाही. सायकलीवरचा संकेतक म्हणजे गळ्यातले मडके नव्हे. एक अपमानासाठी होते, दुसरा सुरक्षेसाठी आहे. हा फरक पुसून टाकणारी समीक्षा सवंग ठरेल. पण दोहोंत एक प्रश्न समान आहे आणि तो टाळता येत नाही : रस्त्यावर सावध राहण्याचे ओझे कोणाच्या अंगावर? ज्याच्या हाती बळ आहे त्याच्या, की ज्याच्या अंगाला इजा होणार त्याच्या? वायकोमला १९२४ साली माणसे मंदिराभोवतीच्या रस्त्यांवरून नुसते चालण्याच्या हक्कासाठी सत्याग्रहाला बसली. रस्ता ही तटस्थ जागा आहे, असे आम्हाला कोणी सांगू नये.

५

२ ऑक्टोबर २०२३ च्या रात्री सॅन फ्रान्सिस्कोत एका पादचारी स्त्रीला माणूस चालवीत असलेल्या मोटारीने उडवले. ती शेजारच्या क्रूझ कंपनीच्या विजेवरच्या स्वयंचलित मोटारीपुढे पडली. तिला धडकून ती मोटार थांबली, पण धडक बाजूने झाली असा चुकीचा समज करून घेऊन कडेला जाण्यासाठी पुन्हा निघाली आणि त्या स्त्रीला सुमारे २० फूट फरफटत नेले. ती जबर जखमी झाली. कॅलिफोर्नियाने त्याच महिन्यात कंपनीचा चालकाविना मोटारींचा परवाना निलंबित केला. जनरल मोटर्सने डिसेंबर २०२४ मध्ये हा टॅक्सीचा उद्योगच गुंडाळला.

त्या मोटारीत त्या वेळी एकही प्रवासी नव्हता. म्हणजे डिझाइनच्या भाषेत 'वापरकर्ता' नव्हताच. तेथे एकच माणूस होती आणि ती मोटारीखाली होती. प्रवासी असता तर त्याला थांबवण्याची, मदत मागण्याची सोय होती. खालच्या बाईला 'थांब' म्हणण्याची कोणतीही सोय त्या यंत्रात नव्हती.

मग काय करावे? येथे मी अंधांच्या चळवळीकडे बोट दाखवीन. विजेची मोटार हळू चालताना जवळजवळ आवाज करीत नाही. तिची ही शांतता जाहिरातीत सौंदर्य म्हणून विकली गेली. आवाजावर रस्ता ओलांडणाऱ्या अंधाला ती जीवघेणी होती. अमेरिकेतील नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंड या अंधांच्या स्वतःच्या संघटनेने हा प्रश्न लावून धरला. २०११ च्या जानेवारीत तेथे कायदा झाला. युरोपात २०१९ च्या जुलैपासून नव्या प्रकारच्या आणि २०२१ च्या जुलैपासून सर्व नव्या विजेवरच्या मोटारींना ताशी २० किलोमीटरपर्यंत आवाज करणे सक्तीचे झाले. कोणा डिझाइनवाल्याच्या कनवाळूपणातून हे झाले नाही. बाहेरची माणसे संघटित झाली आणि 'आम्हीही या यंत्राचे वापरकर्ते आहोत, कारण ते आमच्यावर वापरले जाते' असे त्यांनी ठणकावले.

कोणी म्हणेल, या मोटारी आपल्याकडे कोठे आहेत? केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी २०१७ मध्ये आणि पुन्हा २०२३ च्या डिसेंबरात नागपुरात सांगितले की चालकांच्या रोजगारासाठी चालकाविना मोटारी भारतात येऊ देणार नाही. भूमिका स्वागतार्ह आहे. पण चाकणला तयार होणाऱ्या महिंद्राच्या विजेवरच्या मोटारींत समोरचा माणूस ओळखून ब्रेक लावणारी यंत्रणा आजच बसवलेली असते. दार बंद असले तरी खिडकीतून डोळा आत आला आहे. आणि आमची मुले तो डोळा घडवण्याच्या नोकऱ्यांत चालली आहेत. त्यांनी जावेच. यंत्र दारू पीत नाही, त्याला झोप येत नाही. माणसापेक्षा ते सावध चालवू शकेल, हे मी नाकारत नाही. प्रश्न ते कोणासाठी सावध असेल हा आहे.

त्या विद्यार्थ्याला मी चित्रे पुन्हा उलगडायला लावली. त्याच्या पहिल्या पानावर 'वापरकर्ता' या शीर्षकाखाली एक नोकरदार तरुण काढलेला होता : हातात कॉफी, पायांवर लॅपटॉप. मी विचारले, "तुझे वडील या चित्रात कोठे आहेत?" त्याचे वडील रस्ते झाडण्याच्या कामावर आहेत. पहाटे, अंधारात, वाकून, रस्त्याच्या मधोमध. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "सर, वाकलेला माणूस मशीनला लवकर ओळखता येत नाही. तशी छायाचित्रे थोडी असतात."

म्हणजे उत्तर त्याला ठाऊक होते. प्रश्न विचारण्याची परवानगी आपल्याला आहे, हे ठाऊक नव्हते. ती परवानगी कोणी देत नसते. प्रकल्पाच्या पहिल्या पानावर वापरकर्त्यांच्या यादीत रस्ता झाडणारा, हातगाडी ढकलणारा, काठीने चाचपत चालणारा, यांची नावे लिहावीत. त्यांना विचारल्यावाचून पडद्याची एक रेघही ओढू नये. मोटारीच्या बाहेरून ती थांबवता येईल अशी सोय मागावी. परीक्षक गुण कापतील, तर कापू द्यावेत. आपल्या विद्यार्थ्यांकडून मला एवढी समीक्षा हवी आहे, आणि ती लेखणीपेक्षा त्यांच्या नकाशांवर हवी आहे.